जुन्या नाण्यांवरील चिन्हांचा अर्थ

शेत नांगरताना, विहीर खणताना अथवा पडक्या घराचा पाया उकरताना एखादे जुने नाणे सापडले, म्हणजे ते पुष्कळदा प्रथम गावच्या शिक्षकाकडे आणले जाते. त्यावरील आकृती कशाची, हे गुरुजींनी सांगावे, अशी मुलांची व वडीलधाऱ्यांचीही अपेक्षा असते. अशा वेळी आकृती आपल्या परिचयाच्या एखाद्या वस्तूसारखी दिसते आणि तेवढ्यावरून तिचा अर्थ ठरवून टाकला जातो. ही चूक केवळ सामान्य जनांकडून होते असे नाही. ती थोर पंडितांकडूनही झालेली आहे. महाराष्ट्रात सापडणाऱ्या नाण्यांवरील एका चिन्हाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे.

भारतातील अत्यंत प्राचीन नाण्यांना आहत नाणी असे म्हणतात. आहत म्हणजे ठोकलेले. चांदीच्या पत्र्याचे लहान तुकडे कापून, वजन नेमके भरावे म्हणून त्यांचे कोपरे छाटून, त्यांवर निरनिराळे छाप ठोकून ही नाणी तयार करीत. कार्षापण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाण्याचे प्रमाण वजन ३२ गुंजा, म्हणजे सुमारे ३.४ ग्रॅम असे. त्याच्या दर्शनी बाजूस बहुधा पाच चिन्हे असत : सूर्य, सहा आऱ्यांचे चक्र, कठड्यातील वृक्ष, हत्ती, बैल इत्यादी. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, की एक अक्षरही नाही. त्यामुळे चिन्हांचा अर्थ चिन्हांवरूनच लावणे भाग पडते.

या चिन्हांपैकी एकात खाली दोन व वर एक अशा तीन कमानी एकमेकींवर रचलेल्या असतात. कधी माथ्यावर चंद्रकोर असते, तर कधी पायथ्याशी नागमोडी रेषा असते. पुढे सातवाहन व पश्चिम क्षत्रप राजांच्या नाण्यांवरही हेच चिन्ह आढळते. प्रारंभीच्या अनेक अभ्यासकांनी त्यास चैत्य म्हटले. रॅप्सन या इंग्रज पंडिताने सातवाहन व क्षत्रप नाण्यांची जी प्रसिद्ध सूची १९०८ साली सिद्ध केली, तीतही हाच शब्द आहे. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. स्तूपाचा घुमट अर्धवर्तुळाकार असतो व कमानीचा आकारही तसाच दिसतो. शिवाय कार्ले, नाशिक येथील लेण्यांतून बौद्ध भिक्षूंना दिलेल्या दानांचे त्या काळचे लेख कोरलेले आहेत. तेव्हा नाण्यावर स्तूप असावा, असे वाटणे स्वाभाविक होते.

तथापि नाण्यांची परस्परांशी तुलना करू लागताच हा अर्थ टिकेना. काही आहत नाण्यांवर याच कमानींच्या माथ्यावर मोर उभा आहे, तर काहींवर एक चतुष्पाद प्राणी आहे. कमानींची संख्याही नेहमी तीनच नसते. कोठे पाच, तर कोठे सहा आढळतात. मोर स्तूपापेक्षा डोंगरावर अधिक शोभतो. कमानींवर कमानी रचल्याने शिखरांची रास दिसते, माथ्यावरील चंद्र उंची दाखवितो आणि पायथ्याची नागमोडी रेषा नदी म्हणून सहज उलगडते. यास्तव पुढील अभ्यासकांनी हे चिन्ह पर्वताचे मानले. तो पर्वत मेरू की अन्य कोणता, याविषयी मतभेद आहेत. परंतु चैत्य हे नाव आता जुन्या सूचींतून चालत आलेली केवळ एक सवय म्हणून उरले आहे.

या अर्थास पोषक असा पुरावा नाशिक जिल्ह्यातच मिळतो. १९०६ साली जोगळटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा एक मोठा संचय सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि ती सर्व मूळची क्षत्रप नहपान याची होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने आपला छाप पुन्हा ठोकलेला होता. त्याच्या छापाच्या एका बाजूस कमानींचे हे चिन्ह व सभोवती राजाचे नाव आहे. जिंकलेल्या शत्रूच्या मुखवट्यावर विजेत्याने जे चिन्ह उमटविले, ते राजसत्तेशी निगडित असले पाहिजे, हे उघड आहे. नाशिकच्या लेण्यांत त्याची माता गौतमी बलश्री हिचा एक लेख आहे. त्यात तिने पुत्राचे वर्णन सह्य, विंध्य, मलय, महेंद्र आदी अनेक पर्वतांचा स्वामी असे केले आहे. तेच लेणे तिने भिक्षूंना दान दिले आणि त्याच लेखात पुत्राला ब्राह्मणांचा आधार म्हणूनही गौरविले. म्हणून एका चिन्हावरून राजाचा धर्म ठरवू जाणे सुरक्षित नव्हे.

याच नाण्यांच्या दुसऱ्या बाजूस आणखी एक चिन्ह आहे. एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा व त्यांच्या चार टोकांस चार वर्तुळे, असे त्याचे स्वरूप आहे. उज्जयिनीच्या नाण्यांवर ते विपुल आढळते, म्हणून त्यास 'उज्जयिनी चिन्ह' म्हणतात. हे नाव अभ्यासकांनी सोयीसाठी दिलेले आहे. त्यातून चिन्हाचा अर्थ कळत नाही, तसेच त्या चिन्हाचे प्रत्येक नाणे उज्जयिनीत पाडले गेले असेही सिद्ध होत नाही.

अर्थाचा असा विपर्यास केवळ प्राचीन नाण्यांचाच होतो असे नाही. २००५ च्या मालिकेतील दोन रुपयांच्या नाण्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषा व चार बिंदू होते. विविधतेतील एकता, हा त्याचा अभिप्रेत आशय होता. तरी पुष्कळांना त्यात ख्रिस्ती क्रूस दिसला व त्यावरून वाद झाला. २००७ पासून हाताच्या नृत्यमुद्रेचे नाणे आले. ज्या नाण्याचा अर्थ सांगणारे हयात होते, त्याची ही कथा. मग दोन हजार वर्षांपूर्वीच्या मुद्रेविषयी किती सावधपणे बोलावे लागेल!

सावधपणा म्हणजे मौन नव्हे. जे मोजता येते ते मोजावे, जे ताडून पाहता येते ते ताडून पाहावे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे, मूळचे गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हाच मार्ग अवलंबिला. १९४१ साली त्यांनी तक्षशिलेच्या संचयांतील आहत नाण्यांच्या वजनांचा संख्याशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. नाणे जितके अधिक वापरले जाईल तितके ते झिजते. ज्या नाण्यांच्या मागील बाजूस लहान छाप अधिक, ती सरासरीने हलकी. या साध्या निरीक्षणाच्या आधारे अक्षरहीन नाण्यांचा काळानुक्रम लावण्याची दिशा मिळाली.

शाळेतून हीच दृष्टी सहज देता येईल. प्रथम चालू नाणी वर्गात घेऊन त्यांवर काय दिसते, हे मुलांकडून लिहवून घ्यावे, आणि त्याचा अर्थ काय असावा, हे दुसऱ्या रकान्यात निराळे लिहावयास सांगावे. पाहणे व कल्पिणे यांतील भेद एवढ्यानेही मुलांच्या ध्यानी येतो.

गावात जुने नाणे सापडल्यास ते चिंचेने वा राखेने घासू देऊ नये. वर्षानुवर्षांचा थर जाताना पुसट छापही जातात. सापडलेली नाणी वाटून घेऊ देऊ नयेत. जोगळटेंभीची नाणी घरोघर विखुरली असती, अथवा सोनाराच्या मुशीत गेली असती, तर नहपानाच्या पराभवाचा एवढा ठळक पुरावा कायमचा नाहीसा झाला असता. नाणे कोठे, किती खोल व कशासोबत सापडले, याची तत्काळ नोंद करावी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा भूमिगत ठेवा सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. ही गोष्ट ग्रामस्थांस समजावून सांगणे व अर्ज लिहून देण्यास साहाय्य करणे, एवढे कार्य कोणत्याही खेड्यातील शिक्षकास सहज करता येण्यासारखे आहे.