कड्याचा पडसाद, गिटारचा सूर

डहाणू-तलासरीच्या डोंगराळ भागात कड्यासमोर टाळी वाजवली, की पडसाद येतो. ३० अंश सेल्सिअसला आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. कडा ७० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १४० मीटर, म्हणजे ०.४ सेकंद.

रॉक गिटारवादकाचे ‘डिले’ यंत्र हेच करते. पूर्वी चुंबकीय फितीवर, आता इलेक्ट्रॉनिक स्मृतीत सूर क्षणभर साठवून ते पुन्हा ऐकवते. ‘क्वीन’च्या ब्रायन मे यांनी अशा पडसादांवर पुढचे सूर वाजवून एकट्या गिटारीतून सुरावटींचे थर रचले. उशीर फारच थोडा, ०.०३ सेकंदाइतका ठेवला, तर दोन सूर सुटे कळत नाहीत. एकच सूर भरदार वाटतो.

तारप्याचा सूर अखंड असल्याने त्याचा पडसाद त्यातच मिसळतो. टाळीचा सुटा कळतो. म्हणून मुलांसह टाळ्याच वाजवू. प्रत्येक पडसाद पुढच्या टाळीवर पडेल अशी लय जुळली, की दहा टाळ्यांतरांचा वेळ मोजून कड्याचे अंतर आपणच काढू.