शिट्टी वाजते ती जागेसाठी

चेंडू अजून रेषेबाहेर, घड्याळ थांबलेलं आणि आत मात्र रेटारेटी सुरू. बास्केटबॉलच्या थ्रो-इनमध्ये पंच नेमकं काय बघतात?

सामना संपायला १४ सेकंद. एक संघ दोन गुणांनी पुढे आहे आणि थ्रो-इनही त्याचाच आहे. बेसलाइनबाहेरचा खेळाडू चेंडूसाठी हात पुढे करतो, तेवढ्यात आत एक बचावपटू आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला मिठी मारतो. शिट्टी वाजते. प्रेक्षक ओरडतात, ‘अरे, चेंडू तर आत आलाच नाही, मग फाउल कसला?’

फाउल आहेच, आणि या वेळी तो नेहमीपेक्षा महागात पडतो.

थ्रो-इन या खेळाच्या जन्मापासूनचा आहे. जेम्स नाइस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्डला हा खेळ बेतला. त्यांच्या मूळ तेरा नियमांत चेंडू आत टाकायला पाच सेकंदच दिले होते. खांद्याने रेटणं, धरणं, ढकलणं, पाय घालून पाडणं यांना मनाई होती. आजही चेंडू देणारा पंच हात हलवत पाच सेकंद मोजतो. त्या पाच सेकंदांत बचाव करणाऱ्यांना एकच साधायचं असतं : कुणालाही मोकळं होऊ द्यायचं नाही.

पाय आधी, हात नंतर

गावोगावच्या शाळांतली मुलं कबड्डी खेळतच मोठी होतात. तिथे चढाईला आलेल्या गड्याला घट्ट धरून ठेवणं हीच मर्दुमकी. तीच पकड बास्केटबॉलमध्ये केली की शिट्टी ठरलेली. म्हणून असा मुलगा बास्केटबॉलला आला की दुसरं टोक गाठतो : अंगाला अंग लागलं की फाउल, असं धरून चालतो. तेही खरं नाही. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद मैदानात दहा जण धावत असताना स्पर्श टळणारच नाही. पंच बघतो ते असं : ती जागा आधी कुणाची होती, आणि स्पर्शामुळे कुणाचं नुकसान झालं?

जागेचं माप नियमात दिलेलं आहे. प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य सिलिंडर असतो. पुढे हाताच्या तळव्यांपर्यंत, मागे पार्श्वभागापर्यंत आणि बाजूंना हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. त्यात तो उभा राहील, सरळ वर उडी मारील, ती जागा त्याची. हात लांबवून, ढुंगण मागे काढून किंवा गुडघा पुढे सरकवून दुसऱ्याच्या सिलिंडरमध्ये शिरला, तर स्पर्शाची जबाबदारी त्याची.

थ्रो-इनच्या वेळी आणखी एक गोष्ट लागू होते. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याच्यासमोर बचावपटू ऐनवेळी येऊन उभा राहिला तरी चालतं. पण फेकणाऱ्याच्या मैदानातल्या चार साथीदारांपैकी कुणाकडेच अजून चेंडू नसतो. बिनचेंडूच्या खेळाडूची वाट अडवायची तर त्याला थांबायला किंवा वळायला वाव द्यावा लागतो, निदान एका साध्या पावलाचा. धावणाऱ्याचा वेग जास्त, तर अंतरही जास्त. एक पाऊल आधी पोहोचून पाय रोवलेल्या बचावपटूच्या छातीवर कुणी आदळला, तर चूक आदळणाऱ्याची. ऐनवेळी आडवा आला, तर चूक बचावपटूची. म्हणून जाणता पंच धडकेच्या आवाजावर जात नाही, पाय कधी टेकले ते बघतो.

नजरा वाटून घेतलेल्या असतात. चेंडू देणारा पंच फेकणाऱ्याकडे आणि त्याच्या जवळच्यांकडे बघतो, उरलेले पंच बाकीच्या घोळक्याकडे. जर्सी ओढणं, पाठीवर आडवा हात ठेवून रेटणं, धावणाऱ्याच्या दंडात हात अडकवणं हे तिथेच चालतं. बरेचदा चेंडू हातात देण्याआधीच पंच ‘हात काढ’ म्हणून बजावतो.

हल्ला करणारेही साव नसतात. साथीदाराला मोकळं करण्यासाठी लावलेला स्क्रीन, म्हणजे वाट अडवणारा खेळाडू, जागेवर उभा असायला हवा. सरकत जाऊन धडक दिली, तर फाउल त्यांचा आणि चेंडू समोरच्या संघाचा.

शेवटची दोन मिनिटं

एरवी थ्रो-इनच्या वेळी बचावपटूने धरलं तर तो साधा वैयक्तिक फाउल. त्या क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल आधीच झाले असतील, तरच दोन फ्री थ्रो.

शेवटी मात्र हिशेब बदलतो, कारण घड्याळ. चेंडू मैदानातल्या खेळाडूला लागेपर्यंत ते सुरूच होत नाही. मागे असलेल्या संघाने आधीच फाउल केला, तर एक सेकंदही न गमावता त्याने खेळ थांबवला असं होतं. ही पळवाट बुजवण्यासाठी चौथ्या क्वार्टरच्या आणि प्रत्येक जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने वेगळी शिक्षा ठेवली आहे. चेंडू पंचाच्या किंवा फेकणाऱ्याच्या हातात असताना बचावपटूने मैदानात फाउल केला, तर तो ‘थ्रो-इन फाउल’ : एक फ्री थ्रो, आणि चेंडू पुन्हा त्याच संघाला. २०२२ च्या बदलापूर्वी असा फाउल थेट अखिलाडू ठरायचा आणि दोन फ्री थ्रो अधिक चेंडू द्यावा लागायचा. आजही धक्का अवाजवी जोराचा असेल, तर तो अखिलाडूच.

स्पर्श न करताही याच दोन मिनिटांत पकडलं जाता येतं. पंच आधी हाताने रेषा दाखवून ताकीद देतो. त्यानंतर बचावपटूने थ्रो-इन अडवायला रेषेपलीकडे हात घातला, की टेक्निकल फाउल.

आता त्या १४ सेकंदांकडे बघा. मिठी चेंडू सुटण्याआधी मारली : समोरच्याला एक फ्री थ्रो आणि चेंडूही त्याच्याकडेच. तोच फाउल चेंडू हातातून सुटल्यावर झाला आणि संघाचे चार फाउल भरलेले असले, तर दोन फ्री थ्रो. पण दुसरा हुकला, तर रिबाउंड कुणीही घ्यावा. म्हणून बाकावरून ‘फाउल कर’ असं ओरडणाऱ्या प्रशिक्षकाने फेकणाऱ्याच्या बोटांकडे बघावं, आणि चेंडू सुटेपर्यंत तोंड मिटून बसावं.