तृतीयेचा समुद्र

हरिहरेश्वरला जायचं ठरलं की लोक आधी शनिवार-रविवार बघतात. माझं सांगणं, आधी तिथी बघा. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. तृतीया असेल तर तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे रात्री आणि दुपारी सव्वादोनच्या सुमारास पाणी भरलेलं, आणि सकाळ-संध्याकाळी आठ-सव्वाआठला पूर्ण ओहोटी.

हा हिशेब किती बरोबर आहे ते ताडून बघण्यासारखं आहे. चंद्र रोज थोडा पूर्वेकडे सरकतो, म्हणून भरतीही रोज उशिरा येते. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतच्या 15 तिथींत ती सरासरीने 12 तास पुढे जाते. एका तिथीमागे 48 मिनिटं झाली. पाऊणपटीत ती 45 धरली आहेत. फरक तिथीमागे फक्त तीन मिनिटांचा! पंधरवड्याच्या अखेरीस तो साचत पाऊण तासावर जातो, पण तृतीयेला जेमतेम नऊ मिनिटं. कागद-पेन्सिलीशिवाय करता येईल असं यापेक्षा नेटकं गणित मला माहीत नाही. वारा आणि किनाऱ्याचा आकार यांमुळे पाणी थोडं मागेपुढे होतंच.

तृतीयाच का, तर ते उधाणाचे दिवस असतात. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, आणि सर्वांत मोठी भरती-ओहोटी त्यानंतर एक-दोन दिवसांनी येते. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते. तेव्हा भांगाचं पाणी, ना फार चढत ना फार उतरत. उधाणाची भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खोल जाते, आणि एरवी पाण्याखाली असलेला कातळ उघडा पडतो.

तो कातळ पाहायचा तर सकाळी सातला हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर असावं. टेकडीवरून पायऱ्या उतरत दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या वाटेने खाली आलं की समोर सपाट काळा दगड पसरलेला दिसतो. भूगोलाच्या पुस्तकातला तरंगघर्षित मंच तो हाच. लाटा कड्याचा पायथा पोखरत गेल्या, वरचा भाग कोसळत मागे सरला आणि तळाशी हा ओटा उरला. दगड बेसॉल्टचा, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा.

इथे घाई करू नका. कड्याच्या भिंतीला नाक लावून बघा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी शेकडो भोकं, मधल्या भिंती कुठेकुठे अगदी पातळ. हे काम मुख्यतः मिठाचं. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, उन्हाने पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण ढिले करून बाहेर ढकलतात. खळगा एकदा पडला की आत सावली आणि ओल टिकते, मीठ साठत राहतं आणि खळगा खोलच होत जातो. पायाखाली रांजणखळगे आहेत, त्यांत अडकलेले गोटे लाटांबरोबर फिरून त्यांना गोल करतात. खडकाला चिकटलेली कालवं जिथे संपतात ती रेषाही पाहा. तिच्या वरचा दगड इतका वेळ कोरडा राहतो की त्यांना तिथे जगता येत नाही.

पाणी वळलं की मात्र निघायचं. इथे लाटांनी माणसं ओढून नेली आहेत. भरतीच्या वेळी, आणि पावसाळ्यात तर अजिबात, खाली उतरू नये.

दुपारच्या भरतीच्या सुमारास बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडायची. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री इथे समुद्राला मिळते. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होती आणि किनारा खूप पश्चिमेला होता. बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि नद्यांच्या दऱ्यांत शिरला. कोकणातल्या खाड्या बहुतेक अशाच बुडालेल्या दऱ्या आहेत.

पलीकडे वेळास. चार-साडेचारनंतर ओली वाळू मोकळी होऊ लागली की लहानसे खेकडे बिळांतून वर येतात. एकावर नजर ठेवून स्वस्थ बसा. तो वाळू तोंडाशी नेतो, त्यातले सेंद्रिय कण गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची मिरीएवढी गोळी बाजूला टाकतो. थोड्या वेळात बिळाभोवती गोळ्यांच्या ओळी उमटतात. पुढची भरती त्या सगळ्या पुसून टाकते.

ऑलिव्ह रिडले कासविणी हिवाळ्यात इथे वाळूत अंडी घालतात, एका घरट्यात साधारण शंभर. घरटं भरतीच्या रेषेच्या वर असावं लागतं. खारं पाणी शिरलं तर अंडी गुदमरतात. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं: सुमारे 29-30 अंश सेल्सिअसच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथल्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर पिल्लं सोडताना बघायला मिळतात. त्यांना उचलून थेट पाण्यात टाकत नाहीत, वाळूवरून चालू देतात. पिल्लं उजळ क्षितिजाच्या रोखाने जातात, म्हणून टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवायला सांगितलं जातं. तेवढं प्रत्येकाने कसोशीने पाळावं.