जुन्या पीसीत आधी काय बदलायचं?

आजचा विषय घरातल्या जुन्या डेस्कटॉपचा. बटण दाबून चहा करून आलात तरी जो 'वेलकम'वरच अडकलेला असतो, तो. खिशात पैसे एखाद्या पार्टपुरतेच आहेत. मित्र म्हणतो रॅम टाक, दुकानदार म्हणतो नवाच घे. मग आधी काय घ्यायचं?

मी दोनच प्रश्न विचारतो. कोणता पार्ट बाकीच्यांना ताटकळत ठेवतोय? आणि आज घेतलेली वस्तू पुढच्या पीसीत नेता येईल का?

उदाहरणाला एक ठरावीक मशीन घेऊ: इंटेल कोअर आय-फाइव्ह ४५९०, एच८१ बोर्ड, ४ जीबी डीडीआर-थ्री रॅम आणि साधी हार्ड डिस्क. २०१४ च्या आसपासचं. ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड पीसीत असली मशीन भरपूर दिसतात.

कोण अडवतंय?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'वर जा. आता रोजचं काम रोजच्यासारखंच करा: ब्राउझरचे दहा टॅब, एखादा व्हिडिओ, वर्डची फाइल. पीसी अडकला की बघायचं, सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांपैकी १०० टक्क्यांच्या जवळ कोण आहे.

आपल्या उदाहरणात बहुतेक वेळा डिस्क १०० वर आणि सीपीयू २०-३० वर दिसेल. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसलाय, डिस्ककडून माल यायची वाट बघत. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर एक हेड खरोखर इकडून तिकडे सरकतं. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फाइल ती सेकंदाला साधारण शंभरेक वेळाच वाचू शकते. एसएसडीत हलणारं काहीच नाही, तिथे हाच आकडा हजारोंत जातो. आणि विंडोज सुरू होताना अशाच असंख्य छोट्या फाइल वाचते.

पण थांबा, इथे एक गोम आहे. मेमरीही ९० टक्क्यांवर असेल तर डिस्कवर सगळा दोष टाकू नका. रॅम भरली की विंडोज तिच्यातला माल डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. म्हणजे दमलेली दिसते डिस्क, पण तिला पळवतेय अपुरी रॅम. अशा वेळी नुसती एसएसडी टाकली तर पीसी पटकन सुरू होईल, पण टॅब वाढले की पुन्हा रखडेल.

पुढे काय नेता येईल?

साटा एसएसडी पुढच्या डेस्कटॉपमध्येही लावता येते. तिथे घाबरायचं कारण नाही. एच८१ वर काही साटा पोर्ट ६ गिगाबिटचे, काही ३ चे असतात. मॅन्युअल बघून ६ वाला वापरा.

डीडीआर-थ्री रॅम मात्र याच बोर्डाबरोबर जाणार. डीडीआर-फोरच्या स्लॉटमध्ये ती बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. म्हणून सेकंडहँड ४ जीबीची एक पट्टी घ्या आणि ८ वर थांबा. दोन पट्ट्यांमुळे ड्युअल चॅनलचा फायदाही मिळतो.

प्रोसेसर? ४५९० काढून आय-सेव्हन ४७९० बसवता येतो. कोअर तेवढेच चार, थ्रेड मात्र आठ. पण विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत चौथ्या पिढीचे प्रोसेसर नाहीत. ४५९० नाही आणि ४७९० पण नाही. मग त्यात पैसे कशाला घालायचे? व्हिडिओ एडिटिंगमध्ये सीपीयूच १०० वर जात असेल, तर ते पैसे नव्या मशीनसाठी साठवा. नुसता अभ्यास आणि ब्राउझिंग असेल तर याच पीसीवर लिनक्स मिंट टाका, सुरक्षेचे अपडेट मिळत राहतील.

गेमिंगवाल्यांनो, ग्राफिक्स कार्ड पुढे नेता येतं. पण आधी पॉवर सप्लाय बघा. बोर्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापेक्षा जास्त खाणारं कार्ड असेल तर चांगला सप्लाय आधी, कार्ड नंतर.

थोडक्यात क्रम

सगळ्यात आधी बॅकअप. दहा वर्षं जुनी हार्ड डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि फोटो काही दुकानात मिळत नाहीत. मग फुकटची कामं: धूळ साफ करा, स्टार्टअपमधली नको ती ॲप बंद करा. त्यानंतर एसएसडी, मग रॅम. मेमरी सतत ९० च्या वर असेल तर दोन्ही एकत्र घ्यायला एखादा महिना थांबलात तरी चालेल.

आज रात्री टास्क मॅनेजर उघडा आणि तुमच्याकडे १०० वर कोण होतं ते मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!