नातलगाचे कर्ज आणि आपल्या दारचा तगादा

कर्ज ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी, आणि कर्जाचा तगादाही तितकाच जुना. पूर्वी सावकाराचा माणूस दाराशी येऊन बसे; आता तो खिशातल्या फोनमध्ये येऊन बसतो. परंतु अलीकडे या तगाद्याला एक निराळेच वळण लागले आहे. ज्याने कर्ज घेतले तो फोन उचलीत नाही. मग त्याच्या बहिणीला, मामाला, सासऱ्याला, कचेरीतल्या सहकाऱ्याला फोन जातो. त्या पैशाशी ज्याचा काडीचाही संबंध नाही, त्याला घाम फुटतो. अशा वेळी आपण खरोखरच देणे लागतो काय, आणि लागत नसल्यास समोरच्या माणसाशी कसे बोलावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

आमच्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. एके दुपारी त्यांना फोन आला. “मावशी, तुमच्या भाच्याचे तीन हप्ते थकलेत. आज निदान पाच हजार तरी भरा, नाहीतर आमची माणसं घरी येतील.” बाई एकट्या राहणाऱ्या. शेजारीपाजारी काय म्हणतील, या एकाच विचाराने त्या गांगरल्या आणि सांगितलेल्या नंबरावर त्यांनी पाच हजार रुपये पाठविले. पुढच्या महिन्यात पुन्हा फोन आला, आणि या वेळी सूर चढलेला होता. तिसऱ्या महिन्यात त्यांनी धीर करून भाच्याला विचारले, तेव्हा कळले की त्याच्या कर्जखात्यात त्यांतला एक रुपयाही जमा झालेला नव्हता. बाईंनी कोठे सही केली नव्हती, भाच्याची कसली मिळकत त्यांच्या हाती आली नव्हती. त्यांच्याकडून वसूल झाली ती त्यांच्या भीतीची किंमत.

ही भीती आली कोठून? तिची मुळे आपल्या परंपरेत खोल गेलेली आहेत. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, असे स्मृतिकारांनी सांगितले. जुगारासाठी किंवा मद्यासाठी केलेले कर्ज त्यांनी त्यातून वगळले हे खरे. तथापि कर्ज हे घराण्याचे, ही समजूत पक्की झाली. तगाद्याची रीतही कडक होती. पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखासंबंधी एल्फिन्स्टनने 1819 साली जो अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याचे वर्णन आहे. साध्या मागणीपासून सुरुवात होई. मग ऋणकोवर पहारा बसे, त्याचे जेवण अडविले जाई, आणि प्रसंगी त्याला डोक्यावर दगड देऊन उन्हात उभे करीत.

कायद्याने मात्र हा बोजा हळूहळू उतरविला आहे. मुंबई इलाख्यात पूर्वी बापाची काहीही मिळकत हाती आलेली नसली तरी मुलाला बापाच्या कर्जासाठी धरीत. 1866 साली इलाख्याच्या कायद्याने ते बंद झाले. वारसाच्या हाती जेवढी मिळकत आली असेल, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी ठरली. विधवेशी विवाह करणाऱ्यालाही, केवळ त्या विवाहामुळे तिच्या पहिल्या पतीच्या कर्जासाठी धरता येणार नाही, असे त्याच कायद्याने सांगितले. पुढे 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने हेच तत्त्व देशभर लागू केले. मृताविरुद्धचा हुकूमनामा त्याच्या वारसावर बजावता येतो, पण वारसाकडे आलेल्या मृताच्या मिळकतीपुरताच. शेवटी 9 सप्टेंबर 2005 पासून अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांसाठी केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाला, नातवाला किंवा पणतूला धरण्याचा मार्ग बंद केला. जी गोष्ट कायद्याने टाकून दिली, ती आपण लाजेपोटी अजून मानीत असतो, आणि तगादेवाला नेमका त्या लाजेवर हात ठेवतो.

मग आपण देणे केव्हा लागतो? पहिला प्रसंग सहीचा. आपण सहकर्जदार म्हणून किंवा जामीन म्हणून सही केली असेल, तर ‘कर्ज माझे नव्हे’ असे म्हणता येणार नाही. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असे जामिनाला सामान्यतः म्हणता येत नाही. आपल्या गावोगावच्या पतसंस्थांत सहकाऱ्याला ‘नुसती सही’ देण्याची पद्धत आहे. ती सही नुसती नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, 1960 याच्या कलम 101 खाली निघालेला वसुली दाखला जामिनापर्यंत पोहोचतो, पगारापर्यंतही येतो.

दुसरा प्रसंग वारशाचा. कर्जदार वारला आणि त्याची मिळकत आपल्याकडे आली, तर त्या मिळकतीतून त्याचे कर्ज द्यावे लागते. ती पुरली नाही तर उरलेल्यासाठी वारसाच्या स्वतःच्या कमाईला हात लावता येत नाही. तिसरा प्रसंग तारणाचा. घर, गाडी किंवा सोने गहाण असेल, तर मालक वारला तरी गहाण सुटत नाही. ते घर ठेवायचे असेल तर कर्ज फेडावेच लागते. चौथा प्रसंग एकत्र कुटुंबाचा. कर्त्याने कुटुंबाच्या गरजेसाठी किंवा धंद्यासाठी कर्ज काढले असेल, तर एकत्र मिळकत त्यात अडकू शकते. यांपैकी काहीच नसेल, तर भाऊ, बहीण, पत्नी, मामा, मावशी यांपैकी कोणीही नुसत्या नात्यामुळे देणेकरी होत नाही. येथे आपल्या इतिहासातली एक गोष्ट आठवते. मे 1875 मध्ये सुपे येथे शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. सारा व्यवहार कागदावर उभा असतो, हे त्या निरक्षर माणसांना नीट कळले होते. आपण कागद जाळायचा नाही, मागायचा आहे.

तेव्हा फोन आला की प्रथम विचारावे: आपले नाव काय, कोणत्या संस्थेतर्फे बोलता, आपले अधिकारपत्र कोठे आहे, आणि मी हे देणे कोणत्या नात्याने लागतो? माझी सही असेल तर त्या कागदाची प्रत पाठवा. बहुतेक बनावट मागण्या या एका वाक्याशीच थांबतात. दुसरे, भाचा कोठे राहतो, कोठे नोकरी करतो, त्याचा पगार किती, हे सांगू नये. स्वतःच्या बँकेचा तपशीलही सांगू नये. तिसरे, ‘थोडे तरी भरा’ याला बळी पडू नये, आणि कोणा व्यक्तीच्या नंबरावर तर पैसे मुळीच पाठवू नयेत. चौथे, ‘मी जबाबदारी घेतो’ असे लिहून देऊ नये. जी जबाबदारी कालपर्यंत नव्हती, ती अशा एका ओळीने अंगावर येऊ शकते. शब्द मात्र सौम्य असावेत. “भाऊ, तुम्ही तुमचं काम करता हे मला समजतं. पण हे कर्ज माझं नाही, माझी सही नाही. जे सांगायचं ते लेखी पाठवा,” एवढे बोलून फोन ठेवावा. वाद घातला की बोलणे वाढते, आणि बोलणे वाढले की भीती वाढते.

वसुलीच्या माणसालाही मर्यादा आहेत. रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात बँका व वित्तसंस्था यांना बजावले की, वसुलीसाठी सकाळी 8 पूर्वी आणि सायंकाळी 7 नंतर फोन करू नये. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान करू नये. आणि कर्जदाराच्या कुटुंबीयांच्या व मित्रांच्या खासगी जीवनात घुसू नये. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, ॲपवरून कर्ज देणाऱ्यांनी कर्जदाराच्या फोनमधील नावांची यादी उघडू नये, असेही तिने सांगितले. माणसे पाठवून दंडेलीने वसुली करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 सालीच सुनावले आहे. तुरुंगाची धमकी तर सर्रास दिली जाते. पण प्रामाणिकपणे देण्याची ऐपत नाही एवढ्यावरून ऋणकोला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने 1980 साली दिला. मग ज्याने कर्जच घेतले नाही त्याची गोष्ट दूरच. फोन करणाऱ्याला जप्तीचाही अधिकार नसतो. त्यासाठी कायद्याची रीतसर पायरी चढावी लागते.

मर्यादा ओलांडली गेली तर तारीख, वेळ, नंबर आणि बोललेले शब्द वहीत टिपून ठेवावेत. प्रथम त्या बँकेकडे वा वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क लागत नाही. पतसंस्थेची तक्रार मात्र सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे करावयाची. खासगी सावकारासाठी 2014 चा महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणे हाच त्याखाली गुन्हा ठरतो. मारहाणीची धमकी आली, तर थेट पोलीस ठाणे गाठावे. विकृत केलेली छायाचित्रे पाठवून पैसे उकळण्याचा प्रयत्न झाला, तर पोलीस ठाण्याबरोबर 1930 या क्रमांकावरही कळवावे.

घरात मृत्यू झाला असेल तेव्हा अधिक सावध राहावे. तेराव्याच्या आतच फोन सुरू होतात, आणि दुःखात माणूस वाटेल तेथे सही करतो. घाई करू नये. मृत्यूच्या दाखल्याची प्रत पाठवून संस्थेकडून येणे रकमेचा हिशेब लेखी मागवावा. कर्जावर विमा उतरविलेला होता काय, हे विचारावे. पुष्कळदा तो असतो आणि घरच्यांना ठाऊक नसते. मृताची मिळकत आणि देणी यांची यादी होण्याआधी वाटणी करू नये. पतीने 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पत्नी व मुले यांच्या नावे विमा उतरविला असेल, तर त्या पैशावर सामान्यतः धनकोचा हक्क पोचत नाही. हा पैसा विधवेने घाबरून तगादेवाल्याच्या हाती देऊ नये, म्हणून हे आवर्जून सांगतो. रक्कम मोठी असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा. त्याची फी चुकीच्या एका सहीपेक्षा स्वस्त पडते.

कोणी म्हणेल, हा सारा हिशेब कायद्याचा झाला, नात्याचे काय? हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. धनकोचा पैसा खरा असतो, आणि कर्ज बुडवावे असे आमचे म्हणणे नाही. भाच्याला मदत करावीशी वाटली, तर मावशीने जरूर करावी. पण ती त्याच्याशी समोरासमोर बसून, सारे कर्ज किती आहे हे कागदावर मांडून, आपल्याला झेपेल तेवढी, आणि पैसे थेट कर्जखात्यात भरून पावती घेऊन. फोनवरच्या अनोळखी आवाजाला भिऊन दिलेल्या पैशात भाच्याचे काहीच भले नसते.

आणि तो भाचा फोन का उचलीत नाही, हेही विचारले पाहिजे. बहुधा तो आपल्याच माणसांना तोंड दाखवायला लाजत असतो. आपल्याला आलेल्या त्या फोनमुळे एवढे तरी कळले, की घरातले एक माणूस अडचणीत आहे. तगादेवाल्याला एका वाक्यात उत्तर द्यावे आणि राहिलेला वेळ त्या माणसासाठी ठेवावा. शिक्षिकाबाईंनी अखेर तेच केले. भाचा त्यांच्याकडे जेवायला आला, सगळे कागद घेऊन आला, आणि बँकेत जाऊन हप्ते लांबवून घेण्याचा अर्ज दोघांनी मिळून लिहिला. त्या अर्जावर सही मात्र त्याची एकट्याचीच होती.