कुत्र्याची शिस्त आणि वाटसरूचा खर्च

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलविण्याचा आदेश दिला. निर्बीजीकरण व लसीकरण करून ती निवाऱ्यात ठेवावीत, पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असेही त्यात बजावले. या आदेशानंतरची चर्चा साहजिकच भटक्या कुत्र्यांभोवती फिरली. परंतु गळ्यात पट्टा असलेल्या, पण चारचौघांत कसे वागावे हे कधीच न शिकलेल्या कुत्र्याचा विचार तीत क्वचितच झाला. जालना जिल्ह्यातील वाढत्या शहरांना तो आता टाळता येणार नाही.

मोतीबागेत फिरावयास आणलेले एखादे कुत्रे धावत्या मुलावर झेपावते, तेव्हा ‘ते काही करीत नाही’ एवढे सांगून मालक मोकळा होतो. चावा बसला तर हिशेब मात्र वेगळाच मांडावा लागतो. शासकीय रुग्णालयात रेबीजची लस विनामूल्य मिळते हे खरे; पण ती त्वचेत टोचून घेण्यासाठी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या खेपा चुकत नाहीत. नव्या मोंढ्यातील हमालाच्या दृष्टीने प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी होय. कुत्रे पाळण्याचे सुख एकाचे आणि त्याच्या बेशिस्तीचा खर्च दुसऱ्याचा, अशी ही वाटणी आहे. अर्थशास्त्र ज्यास बाह्य परिणाम म्हणते, त्याचे याहून सोपे उदाहरण सापडणार नाही. शिकवणुकीचा खर्च मालकाने करावयाचा आणि लाभ वाटसरूस मिळावयाचा, म्हणूनच ती शिकवणूक होत नाही.

कुत्र्याचा स्वभाव सर्वस्वी जातीवर ठरतो, हा समजही अपुरा आहे. स्कॉट व फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, वयाच्या सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिलू ज्यांच्या सहवासात येते, त्यांना ते आपले मानते. आपल्याकडील मेंढपाळ हे अनुभवाने जाणून होता. त्याच्या कुत्र्याचे पिलू मेंढरांतच वाढते, म्हणून पुढे मेंढरांवर दात न लावता ते त्यांची राखण करते. शहरातील पिलू मात्र हे मोलाचे आठवडे गच्चीवर साखळीला बांधून काढते आणि वर्षभराने एकदम गांधी चमनच्या गर्दीत आणले जाते. तेथे ते भुंकते, ते बहुतेक वेळा भयाने. त्यावर काठी उगारली की ते भय पक्के होते.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिलास रस्त्यावर सोडणे धोक्याचे, हा आक्षेप योग्य आहे. परंतु त्याला कडेवर घेऊन वाहनांचा आवाज, शाळकरी मुले, वृद्धांची काठी यांची दुरून ओळख करून देण्यास कोणताच अडसर नाही. न घाबरता ते शांत राहिले की खाऊचा तुकडा द्यावा. शिक्षणाचे सूत्र एवढेच आहे.

भारतीय न्याय संहितेच्या २९१व्या कलमान्वये पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र कायदा चावा बसल्यावर जागा होतो. त्याआधीचे काम स्थानिक संस्थांचे आहे. पाळीव कुत्र्याच्या नोंदणीसाठी रेबीजच्या लसीचा दाखला आवश्यक करावा, रस्त्यावर दोरी सक्तीची करावी; आणि रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानावर तासभर पशुवैद्याने मालकांना मार्गदर्शन करावे. कुत्रे दिसताच पळू नये, खाणाऱ्या कुत्र्यास छेडू नये, हे शिक्षकांनी वर्गात शिकवावे. जगात रेबीजने मरणाऱ्यांपैकी सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा धडा अवांतर वाटणार नाही.

पाणीटंचाईने गांजलेल्या शहराने अशी चैन का करावी, असे कोणी विचारील. मैदान आहे, दवाखाना आहे, शाळाही आहेत. नवा खर्च फार थोडा आहे. तो टाळल्यास खर्च वाचत नाही, तो केवळ हमालाच्या मजुरीतून आणि मुलाच्या जिवावर वसूल होतो.