'जावास्क्रिप्ट' हे नाव आज कितपत सार्थ आहे?

आपल्या वसतिगृहात राहून शिकलेला एक माजी विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी भेटावयास आला. संकेतस्थळे तयार करण्याचे काम शिकावे, या हेतूने त्याने शहरातील एका खासगी क्लासमध्ये 'जावा'साठी शुल्क भरले होते. वडिलांनी ते उसनवारी करून दिलेले. दोन महिन्यांनी त्याच्या ध्यानात आले, की ब्राउझरमधील पानांसाठी लागते ती 'जावास्क्रिप्ट', आणि ती निराळीच भाषा आहे. शुल्क परत मिळाले नाही. मी संगणकाचा नव्हे, इतिहासाचा शिक्षक. म्हणून या नावाचाच इतिहास शोधू लागलो.

१९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप या अमेरिकन कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. तेव्हा तिचे नाव 'मोका' होते. पुढे ते 'लाइव्हस्क्रिप्ट' झाले. त्याच वर्षी सन मायक्रोसिस्टिम्सच्या 'जावा' भाषेचा मोठा गाजावाजा चालू होता. दोन्ही कंपन्यांचे सहकार्य ठरले आणि डिसेंबरमध्ये 'जावास्क्रिप्ट' हे नाव जाहीर झाले. नामकरण गुणावरून झाले नाही, बाजारातील हवा पाहून झाले. मोठ्या घराण्याशी नाते सांगून आपली प्रतिष्ठा वाढविणारे सरदार इतिहासात पुष्कळ आढळतात. हा त्यातलाच प्रकार.

अर्थात नाते अगदीच खोटे नव्हते. भाषेचे बाह्य रूप जावासारखे ठेवावे, असे आइक यांना वरिष्ठांनीच सांगितले होते. महिरपी कंस त्यातूनच आले. दिनांकाची व्यवस्था तर जावातूनच उचलली. तिच्यात महिने शून्यापासून मोजले जात, म्हणून जावास्क्रिप्टच्या या व्यवस्थेत जानेवारीचा क्रमांक आजही ० आणि डिसेंबरचा ११ आहे. जावाने पुढे स्वतःपुरती सुधारलेली व्यवस्था आणली. उसनी घेतलेली खोड येथे मात्र टिकून राहिली! आतील रचना भिन्नच आहे. जावात एखादी जागा अंकासाठी ठरली, की तेथे शब्द ठेवता येत नाही. जावास्क्रिप्टमध्ये आज अंक, उद्या शब्द, काहीही ठेवता येते. तिच्या गाभ्यातील कल्पना 'स्कीम' आणि 'सेल्फ' या कमी परिचित भाषांकडून आल्या. त्यांचा उल्लेख नावात कोठेच नाही.

'स्क्रिप्ट' हा उत्तरार्ध त्या काळी यथार्थ होता. स्क्रिप्ट म्हणजे मोठ्या आज्ञावलीकडून किरकोळ कामे करून घेणारी छोटी सूचनावली. अर्जातील रकाना रिकामा राहिल्यास सूचना दाखवावी, इतपतच तिची मजल. २००९ मध्ये रायन डाल यांच्या 'नोड.जेएस'ने ती ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर नेली. आज संपूर्ण उपयोजने तिच्यात लिहिली जातात. म्हणजे पूर्वार्ध आरंभापासूनच दिशाभूल करणारा, आणि उत्तरार्ध आता तोकडा.

दुसरे नाव नाही असे नाही. १९९७ मध्ये भाषेचे प्रमाणीकरण झाले, तेव्हा 'जावास्क्रिप्ट' हे सन कंपनीचे व्यापारचिन्ह असल्यामुळे प्रमाण भाषेस 'एक्मास्क्रिप्ट' म्हणावे लागले. दस्तऐवजांत ते आजही आहे. बोलण्यात क्वचितच येते. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि व्यापारचिन्हही तिच्याकडे गेले. आता नाव बदलणे मला अव्यवहार्य वाटते. परंतु प्रवेश देणाऱ्याने शुल्क घेण्यापूर्वी हा भेद सांगू नये, हे मला अक्षम्य वाटते.

त्या विद्यार्थ्याने पुढे जावास्क्रिप्ट स्वतःच शिकून घेतली. कंस आणि अटी ओळखीच्या निघाल्या, त्यामुळे जावाचे दोन महिने सर्वस्वी वाया गेले नाहीत, असे तो म्हणतो. वडिलांची उसनवारी फिटावयास मात्र वर्ष लागले.